सल्ला हवा: देवधर्म, दडवलेल्या गोष्टी आणि तुटलेलं घर – असा गडद कौटुंबिक सिनेमा सुचवा

अंबाझरी
नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरच्या धरमपेठेतले काहीजण महिन्यातल्या एका रविवारी कुणाच्या तरी हॉलमध्ये पडदा लावून सिनेमा पाहतो. यावेळी निवड माझ्याकडे आली आहे. हवा आहे एक गडद कौटुंबिक सिनेमा. घरात देवधर्म आहे, काहीतरी दडवून ठेवलंय, आणि कुणीतरी घरातून तुटलंय, मग ते दूर गेलेलं असो की त्याच छताखाली अबोला धरून बसलेलं.

भोंदूबाबाचं पितळ उघडं पाडणारे सिनेमे नकोत, ते भरपूर पाहून झाले. श्रद्धाळू तेवढा येडा आणि न मानणारा तेवढा शहाणा, असला हिशेब असेल तर आमच्यातल्या दोन मावशी मध्यंतरातच चपला घालतील आणि मी त्यांना अडवणार नाही. शेवटी सगळे गळ्यात पडून रडून मोकळे होतात, तेही नको. भाषा कोणतीही चालेल. अडीच तासांच्या आत बसवा, नंतरच्या वादाला तेवढाच वेळ लागतो.

तर्री_पोहा
ताई, 'देऊळ' लावा ना. नाना, प्रभावळकर, गिरीश कुलकर्णी. डोळे झाकून.

कोराडीरोड
अबे, ताईनं मागितलं काय न तू देऊन काय राहिला? 'देऊळ' भारीच आहे, सुवर्णकमळ काही फुकट नाही भेटलं त्याले. पण तो गावाचा सिनेमा आहे. केशाले दत्त दिसते न पुढं त्याचा बाजार होते. त्यात घर कुठं फुटते?

माझं मत 'गोदावरी'ले. निखिल महाजनचा, २०२२ मध्ये थेटरात आला होता. नाशकातलं नदीकाठचं घर. आजोबा विक्रम गोखले, बाप संजय मोने, आई नीना कुलकर्णी. जितेंद्र जोशी म्हणजे निशिकांत, घरच्यांपासून फटकून त्याच गावात वेगळा राहते, भाडं वसूल करत फिरते न जगावर खार खाऊन असते. अख्खं गाव जिले माय म्हणते, त्या नदीचाच याले राग. जोशीले या कामासाठी इफ्फी चित्रपट महोत्सवात रौप्य मयूर भेटला. पुढचं नाही सांगत.

प्रोजेक्टरवाले_काका
अंबाझरी, तुमच्या सगळ्या अटींत बसणारा सिनेमा कधीच होऊन गेलाय. सत्यजित राय यांचा 'देवी', १९६०.

एकोणिसाव्या शतकातलं बंगाल, जमीनदाराचं घर. म्हातारा कालीचा निस्सीम भक्त. एका रात्री त्याला स्वप्न पडतं: अंधारात देवीचे डोळे, आणि त्यांतून हळूहळू उमटणारा धाकट्या सुनेचा चेहरा. उठल्या उठल्या तो जाऊन तिच्या पायांवर डोकं ठेवतो. सून म्हणजे शर्मिला टागोर, 'अपुर संसार'नंतरचा तिचा दुसराच सिनेमा, वयानं अजून पोरच. सासरा पायाशी पडलाय आणि ती तोंड भिंतीकडे फिरवते. एवढंच. कालपर्यंत ती त्याचे पाय चेपत होती. आता या घरात तिला कुणी सून म्हणणार नाही, जाऊ म्हणणार नाही, बायकोही म्हणणार नाही, हे त्या एका वळण्यात कळून चुकतं. नवरा (सौमित्र चॅटर्जी) कलकत्त्याला शिकतोय. तो परत येतो तोवर बायकोची आरती सुरू झालेली.

आता मावशींच्या मुद्द्यावर येतो. छबी विश्वास यांचा सासरा ढोंगी नाही. त्याला ना पैसा हवा ना मान. सुनेवर त्याचा जीव आहे, आणि तिचं वाटोळं त्या जीव लावण्यातूनच होतं. त्यात एक मरायला टेकलेलं पोर तिच्यासमोर आणून ठेवतात आणि ते चक्क बरं होतं. आता नवऱ्यानं काय बोलायचं? पुढे तर खुद्द तिलाच वाटू लागतं की आपण खरंच देवी असलो तर? मला हा प्रश्न भुताखेतांच्या कोणत्याही सिनेमापेक्षा भयंकर वाटतो. लांबी दीड तासाच्या आसपास.

महालची_सून
काका, 'देवी' माझाही आवडता, पण त्यात मला सगळ्यात जास्त लागते ती मोठी जाऊ. करुणा बॅनर्जी, 'पथेर पांचाली'तली आई. घरातलं काय खरं नि काय खोटं ते तिला पहिल्यापासून स्वच्छ दिसतं, आणि विचारतं कोण तिला? दोन सुनांच्या घरात राहिलेल्या बाईला तो सिनेमा वेगळाच दिसतो.

सासू-सुनेचाच विषय निघालाय तर 'उल्लोळुक्कु' पाहा, मल्याळम, २०२४, दिग्दर्शक ख्रिस्टो टॉमी. केरळातल्या कुट्टनाडमध्ये पूर आलेला, घरात पाणी. मुलगा वारलाय आणि दफन करायची जागाच पाण्याखाली, त्यामुळे शव घरात ठेवून सगळे पाणी उतरायची वाट पाहताहेत. सासूचा हट्ट एकच, पोराला घराण्याच्याच कबरीत जागा मिळाली पाहिजे. सासू ऊर्वशी, सून पार्वती. त्या थांबलेल्या दिवसांत एकेक बाहेर येत जातं. सुनेनं लपवलेलं आहे तसंच सासूनंही लपवलेलं आहे, आणि कुणाचं लपवणं जास्त वाईट हे मला अजून ठरवता आलेलं नाही. घर ख्रिस्ती आहे, पण "लोकांना काय सांगायचं" ही काळजी आपल्याकडच्या कुठल्याही सोवळ्या घरातली. याला सर्वोत्कृष्ट मल्याळम चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक आहे आणि ऊर्वशीलाही सहाय्यक अभिनेत्रीचं. माझ्या मते तिला मुख्यचं द्यायला हवं होतं.

अंबाझरी
दोन्ही टिपून घेतले. फक्त आमच्यातल्या एका मावशींकडे दुःखद घटना होऊन अजून वर्ष झालेलं नाही. घरात शव असलेला सिनेमा सध्या त्यांच्यासमोर नको वाटतो. 'उल्लोळुक्कु' मी एकटीच पाहीन.

पुणेरी_पाहुणा
मग 'ई.मा.यौ.'ही बाद, तो तर अख्खा अंत्ययात्रेवरच आहे. (तोही मल्याळम, २०१८, लिजो जोस पेल्लिसेरी. बापाला थाटामाटाच्या अंत्यविधीचा शब्द देऊन बसलेला मुलगा आणि वर बापाचं दुसरं घर. नंतर जरूर पाहा.)

माझ्याकडून इंगमार बर्गमन. 'फॅनी अँड अलेक्झांडर', १९८२. नाटकमंडळीचं हसतंखेळतं घर, वडील जातात, आई एका बिशपशी लग्न करते आणि मुलं त्याच्या रिकाम्या, पांढऱ्या भिंतींच्या घरात येऊन पडतात. तो बिशप देवाचं नाव घेऊन मुलाला ज्या शांतपणे शिक्षा करतो, ते बघवत नाही. आणि तो स्वतःला वाईट समजतच नाही.

कोराडीरोड
आले पुण्याचे. ताईनं अडीच तास सांगितले भाऊ, हा तीन तासांच्या वर आहे.

पुणेरी_पाहुणा
तीन तासांचा तो छोटा. दूरचित्रवाणीसाठी केलेला पाच तासांच्या वर जातो. :)
बरं, कमी लांबीचा हवा तर 'इडा', २०१३, पोलंड. ८२ मिनिटं, कृष्णधवल. १९६२ साल. अनाथ म्हणून मठात वाढलेली मुलगी जोगीण व्हायच्या बेतात आहे. मठाच्या मुख्य बाई तिला सांगतात की शपथ घेण्याआधी तुझ्या एकुलत्या एक नातेवाइकाला, मावशीला, भेटून ये. मावशी म्हणजे एकेकाळची कडक सरकारी वकील, आता दारू आणि सिगारेट. पहिल्याच भेटीत ती सांगून टाकते की तू ज्यू आहेस. मग दोघी मिळून आईबापांचं युद्धात काय झालं ते शोधायला निघतात. माणसं चौकटीच्या अगदी तळाशी आणि वर नुसती मोकळी जागा, अशी रचना वारंवार येते. त्या रिकाम्या जागेत देव आहे की नाही ते ज्यानं त्यानं पाहावं.

गोरेवाडा_गेट
इतके प्रतिसाद झाले, नागपूरकर घर फुटण्यावर बोलून राहिले, आणि नाटककार महेश एलकुंचवारांचं नाव कुणाच्या तोंडी नाही! त्यांचं 'वाडा चिरेबंदी' नाटक आहे, सिनेमा नाही, मान्य. पण तात्याजी गेल्यावर धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात जे घडतं, त्याच्या जवळपास फिरकणारा मराठी कौटुंबिक सिनेमा दाखवा. दिवस कोणी करायचे, गावजेवण किती पानांचं, पैसा कुठून आणायचा. अंगणात तो बंद पडलेला ट्रॅक्टर, हलवायला कुणाकडे पैसा नाही न टाकून द्यायला कुणाचं मन नाही. कर्मकांड तिथे श्रद्धेचं कमी न इभ्रतीचं जास्त. आपल्या विदर्भातल्या वाड्यांचा तोच रोग होता.

सिनेमाच हवा असेल तर सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांचा 'वास्तुपुरुष', २००२. ढासळता वाडा, वास्तुपुरुषाचा कोप आणि वाड्यात कुठेतरी पुरलेल्या धनाची आशा. उत्तरा बावकर यांची आई फक्त एकाच गोष्टीवर अडून: धाकटा डॉक्टर झाला पाहिजे. आणि गंमत म्हणजे त्यात एलकुंचवार स्वतः पडद्यावर आहेत.

महालची_सून
वाड्यांचं निघालंच आहे म्हणून. आमच्या सासरी दोन भावांचं बोलणं बंद आहे. कारण इस्टेट नाही, देव. वाटणीत देवघरातले टाक थोरल्यांकडे गेले, महालक्ष्म्याही त्यांच्याकडेच राहिल्या. धाकट्यांचं म्हणणं, आई शेवटी आमच्याकडे होती तर मुखवटे आमच्याकडे यायला हवेत. वर्षभर कुणी कुणाच्या दारात जात नाही. पण महालक्ष्म्यांच्या जेवणाला धाकटे येतात, कारण देवीचा प्रसाद नाकारायचा नसतो. सोळा भाज्या, पुरण, आंबील, कढी, सगळं पानात वाढलं जातं. थोरले स्वतः आग्रह करतात, पण नाव न घेता: "इकडे पुरण वाढा." धाकटे मान हलवतात. मुखवट्यांच्या पाया पडतात, सुपारी घेतात, निघून जातात. यावर कोणी सिनेमा काढला तर मी पहिल्या दिवशी पहिला खेळ पाहीन.

तर्री_पोहा
काकू, हे लिहून काढा. खरंच सांगून राहिलो.

प्रोजेक्टरवाले_काका
महालची_सून, तुमच्या या "नाव न घेता" वरून 'घटश्राद्ध' आठवला. गिरीश कासरवल्ली, कन्नड, १९७७, अनंतमूर्तींच्या कथेवरून. वेद शिकायला आलेला एक लहान मुलगा आणि गुरूची विधवा मुलगी यमुना. ती गरोदर राहते. बाप शेवटी जिवंत मुलीचं श्राद्ध घालतो. रागाच्या भरात नाही, शास्त्राप्रमाणे, विधिवत. घरातून काढून टाकणं आपण बरंच पाहिलंय, पण त्यासाठी मंत्र तयार आहेत हे पाहताना पोटात गोळा येतो. सगळं त्या मुलाच्या नजरेतून आहे, त्यामुळे कुणावर शिक्का मारायची घाई नाही. याची नवी प्रत २०२४ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवली गेली.
अंबाझरी, हाही श्राद्धाचा आहे, मावशींचं पाहून ठरवा.

अंबाझरी
तुम्ही सगळे मिळून मावशींना घरीच बसवणार आहात. 'अ सेपरेशन'बद्दल काय मत? काहीजण म्हणतात तो घटस्फोटाचा आहे, श्रद्धेचा नाही.

गोरेवाडा_गेट
घटस्फोट हे निमित्त. अस्गर फरहादी, २०११, इराण. नवरा-बायको वेगळे होताहेत, म्हाताऱ्या सासऱ्याला विस्मरणाचा आजार, म्हणून त्याच्या देखभालीला एक गरीब बाई ठेवतात. पहिल्याच दिवशी म्हातारा कपडे ओले करतो. ती थेट धर्माचा सल्ला देणाऱ्यांना फोन लावते आणि विचारते, परक्या पुरुषाला धुऊन कपडे बदलले तर पाप लागेल का? घाम फुटलाय, पण उत्तर आल्याशिवाय हात लावायला तयार नाही. बाजूला तिची छोटी पोर उभी, आणि ती म्हणते, मी बाबांना सांगणार नाही. त्या एका प्रसंगात श्रद्धा आली, गुपित आलं, आणि घरात कोणाला कोणाची भीती आहे तेही आलं.
पुढे कुराणावर हात ठेवायची वेळ येते. त्याबद्दल इथे कोणी एक अक्षर लिहिलं तर ॲडमिनला सांगीन.

पुणेरी_पाहुणा
सहमत. आणि सुशिक्षित कुटुंब खोटं किती सहज बोलतं तेही बघा. पापाला घाबरणारी एकच आहे त्यात, आणि तिच्याकडे ना पैसा ना वकील.

जाता जाता 'ऑर्डेट', १९५५, डेन्मार्क, कार्ल ड्रेयर. शेतकरी घर, तीन मुलगे. एकाला देव मान्य नाही, एकाचा वेगळ्या पंथाच्या शिंप्याच्या मुलीवर जीव जडलाय, आणि मधला स्वतःलाच येशू समजतो. दोन्ही बाप कट्टर देवभक्त आणि एकमेकांची सोयरीक दोघांनाही नको. फार संथ आहे. शेवट मानायचा की नाही यावर माझं नि माझ्या वडिलांचं दरवेळी वाजतं. ते देवाला न मानणारे, आणि शेवटी रडतात तेच.

कोराडीरोड
पाहुणे, हा आवडला. काहीतरी माणसासारखं बोलले तुम्ही.

अंबाझरी
ठरलं, रविवारी 'देवी'. मावशींना गोष्ट आधी सांगून टाकली. एक म्हणाल्या, "आमच्या आत्याच्या अंगात यायचं, तिला कोणी विचारलं नाही की तुला यायला पाहिजे का." दुसऱ्या काही बोलल्या नाहीत, पण येते म्हणाल्या. पुढच्या महिन्याला 'अ सेपरेशन'. सगळ्यांचे आभार.

तर्री_पोहा
मी तर काल रात्रीच पाहिला 'अ सेपरेशन'. पोरगी आईकडे जाते का बापाकडे, सांगतच नाहीत ना बाप्पा! बायको म्हणते आईकडे, मी म्हणतो बापाकडे. सकाळपासून चहा मलाच करावा लागून राहिला.

कोराडीरोड
म्हणजे आईकडेच गेली असन. पुढच्या वेळी 'देऊळ' लावजो.