शब्दचर्चा: 'संयुक्त संस्थाने' – यातलं संस्थान आलं कुठून?

जर्सीची_आई
मंडळी, एक शंका. लेक नऊ वर्षांची आहे, रविवारी इथल्या मराठी शाळेत जाते. परवा धड्यात 'अमेरिकेची संयुक्त संस्थाने' आलं. घरी येऊन विचारते, "आई, संस्थान म्हणजे काय गं?" माझं माहेर सांगलीचं, त्यामुळे मी उत्साहात पटवर्धनांचं संस्थान, गणपती मंदिर, सगळं सांगून टाकलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग न्यू जर्सीचा राजा कोण?"
हिंदीतलं 'संयुक्त राज्य' किती सरळ आहे. मग आपणच हे संस्थान कुठून आणलं?

पेठकर
चूक आहे, दुसरं काय! राजा नसलेलं संस्थान म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. आणि गंमत बघा, वर्तमानपत्रं 'ओहायो राज्य' लिहितात, 'टेक्सास राज्य' लिहितात. 'टेक्सास संस्थान' कुणी लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही. म्हणजे एकेकटी असली की राज्यं आणि एकत्र आली की संस्थानं? मी नुसतं 'अमेरिका' म्हणतो. विषय संपला.

अर्धविराम
पेठकर, एवढ्यात कुठे संपवता? इंग्रजी अमदानीतला नकाशा डोळ्यांपुढे आणा. मुंबई इलाखा, मध्य प्रांत, वऱ्हाड. ब्रिटिशांच्या थेट ताब्यातल्या मुलखाला कुणी 'स्टेट' म्हणत नव्हतं. इंग्रजी कागदात 'स्टेट' म्हणून जे होतं ते कोल्हापूर, सांगली, औंध, फलटण, सावंतवाडी. आणि त्याला मराठी शब्द एकच, संस्थान. घटकराज्य या अर्थाने 'राज्य' हा शब्द आपल्या अंगवळणी पडला तो १९५० नंतर. तेव्हा त्या काळच्या मराठी माणसाने 'स्टेट'ला 'संस्थान' म्हटलं यात चूक कसली? हाताशी होता तो शब्द वापरला.
अर्थात भाषांतर करायलाच हवं असं नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना. तिथे त्यांनी 'युनैटेड स्टेट्स' हेच नाव ठेवलं.

रानजाई
हिंदीवाल्यांना आपलं नाव ऐकून आणखीच गोंधळायला होतं. त्यांच्याकडे संस्थान म्हणजे इन्स्टिट्यूट. माझ्या दिल्लीच्या मैत्रिणीला वाटलं, संयुक्त संस्थाने म्हणजे सगळ्या कॉलेजांची मिळून काहीतरी परीक्षा असणार.
आणि आपल्याकडे देवाचंही संस्थान असतं. तिथे राजा नाहीच की!

निवृत्त_मास्तर
उशिरा आलो. नागरिकशास्त्र तीस वर्षं शिकवलं, त्यामुळे थोडं लांबण लावणार आहे; ज्यांना घाई असेल त्यांनी खाली जावं.

आधी त्यांचा 'स्टेट' बघा. ४ जुलै १७७६ च्या जाहीरनाम्यात तेरा वसाहती म्हणतात की आम्ही आता स्वतंत्र 'स्टेट्स' आहोत. युद्ध पुकारायचा, तह करायचा, व्यापार करायचा पूर्ण अधिकार आमचा. त्याच वाक्यात इंग्लंडचा उल्लेखसुद्धा 'स्टेट ऑफ ग्रेट ब्रिटन' असाच आहे. म्हणजे ज्या अर्थाने ब्रिटन स्टेट, त्याच अर्थाने व्हर्जिनिया स्टेट. अख्खा देश! तालुका-जिल्हा-राज्य या उतरंडीतलं राज्य नव्हे. मूळ चर्मपत्रावर 'युनायटेड'चा यू सुद्धा लहान लिपीतला आहे. 'एकत्र आलेली' एवढं ते विशेषण, विशेषनाम नाही.

पुढे या तेरा जणांनी एक करारनामा केला. तो १७८१ मध्ये लागू झाला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की प्रत्येक स्टेटचं सार्वभौमत्व त्याच्याकडेच राहील आणि हा सगळा 'मैत्रीचा संघ' आहे. मैत्रीचं जे होतं तेच झालं: वर्गणीची वेळ आली की कुणी फिरकेना. काँग्रेसला, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक प्रतिनिधिसभेला, कर बसवायचा अधिकार नाही. नुसती मागणी करायची आणि वाट बघायची. आयात मालावर पाच टक्के जकात घेऊ द्या म्हणून विनवलं, तर ऱ्होड आयलंड नाही म्हणालं. करारात बदल करायला तेराच्या तेरा हवेत, त्यामुळे एकट्या ऱ्होड आयलंडने सगळ्यांची गाडी अडवली.

म्हणून १७८७ चा उन्हाळाभर फिलाडेल्फियात बैठक. वॉशिंग्टन अध्यक्ष, पंचावन्न प्रतिनिधी, शेवटी नव्या घटनेवर सह्या एकोणचाळीस. ऱ्होड आयलंडने माणूसच पाठवला नाही.

आता शब्दाकडे येतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत दोन शब्द आहेत: राज्यसंघ आणि संघराज्य. पोरं परीक्षेत हमखास उलटसुलट करायची. मी त्यांना समास सोडवायला लावायचो. तत्पुरुषात दुसरं पद मुख्य. राज्यसंघ म्हणजे राज्यांचा संघ. वस्तू काय, तर संघ. संघराज्य म्हणजे संघरूपी राज्य. वस्तू काय, तर राज्य. १७८१ चा करार हा राज्यसंघ, १७८७ ची घटना हे संघराज्य. फिलाडेल्फियात चार महिने जे घामाघूम झाले ते दोन पदांची अदलाबदल करायला, असं मी वर्गात सांगायचो.

पेठकर
मास्तर, हे समासाचं झकास. पण मग 'फेडरल'ला काय म्हणायचं? बातम्यांत सर्रास 'अमेरिकेचं केंद्र सरकार' असतं.

निवृत्त_मास्तर
'केंद्र' मला खटकतं. केंद्र म्हटलं की आधी मधला बिंदू, मग भोवती वर्तुळ. तिथे आधी परीघ होता, बिंदू मागाहून पाडला. 'संघीय सरकार' म्हणावं.
मूळ लॅटिन शब्द 'फोएडस', म्हणजे तह, करार. त्या हिशेबाने 'फेडरल' खरं तर जुन्या सैल कराराचे जे पाठीराखे त्यांना शोभणारं नाव. पण मजबूत सरकार हवं असणाऱ्यांनी ते आधीच उचललं आणि समोरच्यांवर 'अँटी-फेडरलिस्ट' शिक्का बसला. एल्ब्रिज गेरी म्हणून एक गृहस्थ. फिलाडेल्फियात होते पण सही केली नाही. ते १७८९ मध्ये वैतागून म्हणाले की वाद घटनेला मान्यता देण्या-न देण्याचा होता, तर नावंही तशी हवी होती: 'रॅट' आणि 'अँटी-रॅट'. मान्यता देणे म्हणजे 'रॅटिफाय', त्यातला हा रॅट. आणि अख्ख्या मूळ घटनेत 'फेडरल' हा शब्द एकदाही येत नाही.

डेट्रॉइटकर
'स्लेव्ह'ही येत नाही. गुलामांची मोजणी प्रतिनिधी ठरवताना तीनपंचमांश करायची हे लिहिलं, पण शब्द काय? 'इतर व्यक्ती'. पळालेला गुलाम परत द्यायचा, तर तो 'सेवेला बांधील व्यक्ती'. 'गुलामगिरी' हा शब्द घटनेत पहिल्यांदा आला तो १८६५ साली, ती बंद करण्यापुरता. कुठला शब्द टाळला यावरूनही माणसाचं मन कळतं.

अर्धविराम
शब्द टाळण्यावरून आणखी एक. 'आम्ही लोक' हे घटनेचं गाजलेलं सुरुवातीचं वाक्य मुळात तसं नव्हतं. ६ ऑगस्ट १७८७ च्या मसुद्यात 'आम्ही न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड...' अशी तेरा नावांची लग्नपत्रिका होती. (ज्याने माणूस पाठवला नाही त्याचंही नाव होतं, हे आपल्या पत्रिकांसारखंच!) पण घटना लागू व्हायला नऊ जणांची मान्यता पुरे असं ठरलं. कोण नऊ, ते आधी कसं कळणार? मग गव्हर्नर मॉरिस यांनी शेवटचा हात फिरवताना नावं काढली आणि 'आम्ही संयुक्त संस्थानांचे लोक' एवढं ठेवलं. गव्हर्नर हे त्यांचं पाळण्यातलं नाव बरं का, पद नव्हे.
अडचणीतून सुटायला केलेली काटछाट, पण अर्थ केवढा बदलला! पुढच्या जूनमध्ये व्हर्जिनियात घटनेला विरोध करताना पॅट्रिक हेन्री यांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं: 'आम्ही लोक' म्हणायचा यांना अधिकार कुणी दिला? 'आम्ही स्टेट्स' का नाही?

रानजाई
मला प्रश्न पडला तो वचनाचा. 'संस्थाने' अनेकवचन. इंग्रजीत मात्र 'युनायटेड स्टेट्स इज' म्हणतात ना?

डेट्रॉइटकर
आता म्हणतात. घटनेत ते अनेकवचनी आहे: देशद्रोह म्हणजे 'त्यांच्या'विरुद्ध युद्ध पुकारणं. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीतही 'त्यांच्या' अधिकारक्षेत्रात असंच आहे. एकवचन रुळलं ते यादवी युद्धानंतर, हळूहळू. १८६९ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने टेक्सासच्या खटल्यात म्हटलं, अविनाशी स्टेट्सचा अविनाशी संघ. म्हणजे फुटून जाता येणार नाही, आणि कुणाला पुसूनही टाकता येणार नाही.
मराठी नावाने मात्र ते जुनं अनेकवचन सांभाळून ठेवलंय. इंग्रजी क्रियापद बदललं, आपलं 'आहेत' अजून आहे तिथेच.

पेठकर
बरं, एक मुद्दा तुम्हाला देतो. 'राज्य' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं महाराष्ट्र, गुजरात. ती दिल्लीने केलेली. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तो संसदेच्या कायद्याने. तेलंगणाच्या वेळी आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळलं होतं, तरी २०१४ मध्ये राज्य झालंच. अमेरिकेत हे चालत नाही. तिथल्या घटनेप्रमाणे एखाद्या स्टेटच्या हद्दीत नवं स्टेट काढायचं तर त्याच्या विधिमंडळाची संमती लागते. म्हणजे 'राज्य' म्हणून भाषांतर केलं तर वाचणाऱ्याच्या डोक्यात आपलं राज्य शिरतं, तिथलं नाही. संस्थान निदान केंद्राच्या आधीचं असतं. १९४७ मध्ये सामीलनाम्यावर सही करून संरक्षण, परराष्ट्र, दळणवळण सोपवणारं. चला, अर्धी माघार.

निवृत्त_मास्तर
पेठकर माघार घेताहेत, तारीख लिहून ठेवा.
पण आपल्याकडे घोळ उलट बाजूने आहे. बाबासाहेबांनी घटना समितीतल्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात सांगितलं की 'फेडरेशन' न म्हणता 'युनियन' म्हटलंय ते मुद्दाम: हा संघ राज्यांच्या आपसातल्या करारातून झालेला नाही, म्हणून कुणालाच फुटायचा हक्क नाही. अमेरिकनांना हेच ठरवायला यादवी युद्ध करावं लागलं, हेही तिथेच म्हणाले. आता आपल्या घटनेचा मराठी पाठ काढा: 'राज्यांचा संघ'. याचा समास करा बघू. राज्यसंघ! ज्या सैल प्रकाराला नको म्हटलं, त्याचंच नाव व्याकरणाने हाती येतं. दरवर्षी एखादा चलाख पोरगा हे विचारायचा. त्याला मी पुढच्या बाकावर बसवायचो.

डेट्रॉइटकर
एक पाचर मारतो. केंद्राआधीची म्हणावीत अशी मूळ तेरा. शिवाय व्हरमाँट आणि टेक्सास, जी आधी स्वतंत्र प्रजासत्ताकं म्हणून नांदली. बाकी बहुतेक सगळी काँग्रेसने ताब्यातल्या मुलखातून घडवली, जसं १८०३ मध्ये ओहायो. त्यांना 'संस्थान' कुठल्या तोंडाने म्हणायचं? मिशिगनमध्ये पंचवीस वर्षं राहतोय, याला संस्थान म्हणताना मलाच हसू येतं. आणि पेन्सिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स, व्हर्जिनिया, केंटकी ही चार स्वतःला स्टेट न म्हणता 'कॉमनवेल्थ' म्हणवतात, ते वेगळंच.

रानजाई
म्हणजे जोडाक्षरासारखं झालं. 'संयुक्त'मध्येच 'क्त' आहे बघा. क दिसतो, त दिसतो, पण क चा पाय मोडलेला. स्वर सोडला तेव्हा जोड लागली. 'क्ष' इतकं एकजीव नाही, की कोण कुठलं ओळखूच येऊ नये.

अर्धविराम
रानजाई, ही उपमा मी चोरणार. टेक्सासवाल्यांना मात्र पाय मोडलाय हे सांगू नका.

जाता जाता, जर्सीताई, लेकीच्या प्रश्नाला खरंखुरं उत्तर आहे. न्यू जर्सीचा राजा म्हणजे इंग्लंडचा तिसरा जॉर्ज, १७७६ पर्यंत. आणि स्वतःचा राजा असलेलं संस्थान हवं असेल तर हवाई! तिथे राजघराणं होतं, राजवाडा होनोलुलूत आजही उभा आहे. राणी लिलिउओकलानी यांना १८९३ मध्ये पदच्युत केलं, १९५९ मध्ये हवाई पन्नासावं स्टेट झालं. पेठकरांची वरात तेवढी नवरदेवासकट निघते.

जर्सीची_आई
सगळ्यांचे आभार. मास्तरांचा समास तिला कळला नाही, रानजाईंचं जोडाक्षर लगेच कळलं. हवाईची राणी तर फारच आवडली, आता सुट्टीत तिकडेच जायचं म्हणतेय.
गृहपाठात 'संस्थाने आहे' लिहू की 'आहेत', यावर बराच वेळ पेन्सिल चावून झाली. शेवटी लिहिलंय: 'अमेरिकेची संयुक्त संस्थाने हा माझा देश आहे.' रविवारी बाई काय म्हणतात ते कळवते.