हशा कापू नका वो
विनोदी गाण्यांच्या शोमधला प्रेक्षकांचा हशा रेकॉर्डिंगमधनं काढून टाकावा, घरी बघताना त्रास होतोय असं एकांनी म्हटलंय, मला नाही पटत. विनोदी गाणी म्हणणाऱ्या टिम मिंचिनचा 2011 चा लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधला शो बघा की, मागे अख्खा ऑर्केस्ट्रा, हा पियानोवर, आणि हशा ओसरेपर्यंत जी जागा सोडतात ती कापली तर तालच मोडतोय. खानापूरला पावसात घरी लावलेला, आज्जीला इंग्लिशचं एक अक्षर कळत नाही, तरी त्याची बोटं पियानोवर अधांतरी थांबली आणि ही तोंडाला पदर लावून हसायला लागली! बो बर्नम, हा पण विनोदी गाणी करणारा, त्याचा 2021 मध्ये आलेला 'इनसाइड' त्यानं खोलीत एकट्यानं शूट केला, समोर प्रेक्षकच नाहीत, पण त्यानं गाणी बांधलीतच तशी, ते वेगळं.