मदत हवी आहे : निवटी या चिखलातल्या छोट्या माशाचे डोळे मिटताना जवळून कसे बघायचे?

लेकीने विज्ञान प्रदर्शनासाठी 'डोळ्यांची उघडझाप' हा विषय घेतलाय. माणूस मिनिटाला साधारण 15 ते 20 वेळा पापणी मिटतो, त्याने अश्रूंचा ओलावा डोळ्यावर पसरतो, हे तिला समजलं. बांगड्याला मिटणारी पापणी नाही, डोळा कायम पाण्यातच. पण परवा ओहोटीला दाभोळच्या खाडीत चिखलावर निवटी दिसली. डोक्यावरचे टपोरे डोळे चटकन खाली खोबणीत ओढले, की पुन्हा वर! मासा असून उघडझाप! निवटीला अश्रुग्रंथी नसतात. कातडीचा बुळबुळीतपणा आणि चिखलातलं पाणी यांवरच डोळा ओला राहतो.

जरा पुढे सरकलो की बिळात पळते. कोणाकडे जवळून घेतलेला व्हिडिओ आहे का? दापोली-गुहागरकडे कुठे, ओहोटीच्या कोणत्या वेळी बसावं? पकडून बरणीत ठेवायची नाही, असं लेकीने बजावलंय.