मदत हवी आहे: जुन्या 'नया पैसा' नाण्यांवर हिरवा चिकटा, ॲल्युमिनियमवर पांढरी पूड

१९५७ पासूनची साठेक दशमान नाणी प्लास्टिकच्या कप्प्यांच्या अल्बममध्ये आहेत. मुक्काम रत्नागिरी, हवा दमट आणि खारी. ब्राँझच्या एक नया पैशांवर (रुपयाचा शंभरावा भाग) हिरवा चिकट थर आलाय, ॲल्युमिनियमच्या ३ आणि २० पैशांवर पांढरी पूड. चिंच किंवा खायचा सोडा लावू का? १९६२चा एक नया पैसा पिवळाधमक आहे, त्याला कोणी पॉलिश केलंय का?

प्रतिसाद १:
चिंच नको, सोडा तर मुळीच नको. चिंचेने ब्राँझवरचा जुना तपकिरी रंग निघून नाणं गुलाबीसर पडतं आणि त्याची किंमत जाते. सोड्याचा क्षार ॲल्युमिनियमच खातो.

हिरवा चिकटा अल्बमचा आहे. कप्पे मऊ पीव्हीसी प्लास्टिकचे असणार. नव्या रेनकोटसारखा वास येतो का बघा. हा चिकटा विरघळवणारं शुद्ध ॲसिटोन प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात रंग-तेल मिसळलेलं असतं. काचेच्या वाटीत नाणं बुडेल इतकं ॲसिटोन घेऊन १० मिनिटं ठेवा, मग दुसऱ्या वाटीतल्या ताज्या ॲसिटोनमधून काढा. घासू नका, पुसूही नका. सुती कापडावर आपोआप वाळू द्या. खिडकी उघडी, गॅस आणि उदबत्ती बंद, ॲसिटोन पटकन पेटतं.

हिरवं कोरडं, फिकट, भुकटीसारखं असेल आणि काढल्यावर पुन्हा उगवत असेल तर ती मिठाची करामत. ॲसिटोनने ते जात नाही. असं नाणं आजच बाकीच्यांपासून वेगळं, कोरड्या डबीत ठेवा.

पिवळ्या पैशाला हात लावू नका! १९६२मध्ये एक नया पैसा ब्राँझ आणि निकेल-ब्रास (निकेल मिसळलेलं पिवळं पितळ) दोन्हींत निघाला. तुमचा निकेल-ब्रासचा दिसतोय.

प्रतिसाद २:
पांढऱ्या पुडीखाली धातू आधीच खाल्ला गेलेला असतो, ते खड्डे भरत नाहीत. डिस्टिल्ड पाण्यातून काढून पूर्ण वाळवा, बस. ब्राँझ आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकू देऊ नका. दमट हवेत दोन धातू भिडले की ॲल्युमिनियम आधी झिजतं.

नवे कप्पे मायलरचे (पॉलिएस्टरची पारदर्शक फिल्म, पीव्हीसी नव्हे) घ्या. पुठ्ठ्याच्या चौकटी स्टेपल करत असाल तर पिनांची टोकं पकडीने सपाट दाबा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा ठरलेला. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका, पावसाळ्यात महिन्याला बदला.