'द लेपर्ड'ची कोणती प्रत बघावी?
या चित्रपटात सिसिलीच्या सरंजामदाराची मुख्य भूमिका करणाऱ्या अमेरिकन नट बर्ट लँकेस्टरच्या ओठांशी इटालियन संवाद जुळत नाहीत, म्हणून इंग्रजी प्रत बघावी, असं काहीजण सुचवतात. मला ते पटत नाही. दिग्दर्शक व्हिस्कोंतीच्या 'द लेपर्ड'ची (१९६३) इटालियन प्रत सुमारे १८५ मिनिटांची, इंग्रजी १६१. इंग्रजी प्रतीत लँकेस्टरचा स्वतःचा आवाज आहे खरा, पण कात्रीने चित्रपटाची संथ लय मोडते. आणि त्याचा अभिनय मुळात देहबोलीत आहे! पालेर्मोच्या पलाझ्झो गांजी या वाड्यात चित्रित झालेला शेवटचा नाच सुमारे पाऊण तास चालतो. त्यात त्याचे खांदे बघा: नटी क्लाउदिया कार्दिनालेबरोबरच्या वॉल्ट्झ नृत्यात ताठ, रुबाबदार, एकटा असताना थकलेले. १८६० चं सिसिली, सरंजामदारांची ओसरती सद्दी, सगळं त्या चालण्यात दिसतं. डिस्क घेताना आधी लांबी तपासा.