ठासणीच्या बंदुकीसाठी शिशाच्या गोळ्या ओतताना धार कशी धरावी?

प्रश्न (लेखक: चकमक)

नमस्कार. माझे वास्तव्य अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात आहे. येथे डिसेंबरच्या अखेरीस सुरू होऊन जानेवारीत संपणारा हरणांच्या शिकारीचा एक स्वतंत्र हंगाम असतो, आणि त्यात केवळ चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या आणि तोंडाकडून दारू ठासून भरायच्या बंदुकाच चालतात. माझी बंदूक पॉइंट ५० व्यासाची असून तिला ०.४९० इंचाची गोल गोळी कापडाच्या चकतीत गुंडाळून भरावी लागते. या गोळ्या मी घराबाहेरच्या शेडमध्ये स्वतः ओततो. शिसे जुन्या छपरांच्या पत्र्याचे, म्हणजे जवळजवळ शुद्ध आहे. साचा अॅल्युमिनियमचा, दोन खणांचा आहे. आणि ओतण्यासाठी चोच असलेली लोखंडी पळी आहे.

अडचण दुहेरी आहे. काही गोळ्यांच्या अंगावर सुरकुत्या येतात. काही गोळ्या दिसायला निर्दोष असतात, पण तराजूवर तीन-चार ग्रेन (वजनाचे एक अगदी लहान माप) हलक्या भरतात, आणि नेमक्या त्याच निशाण सोडून जातात असा माझा अनुभव आहे. पळीची चोच साच्याच्या भोकाला टेकवून ओतावे की थोड्या उंचीवरून धार सोडावी? टेकवायची असल्यास किती वेळ? आणि वरची पट्टी फिरवून जादा शिसे नेमके केव्हा कापावे? जाणकारांनी सविस्तर मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर (लेखक: जुना ओतारी)

आपण सांगितलेले दोन्ही दोष वेगळ्या कारणांचे आहेत, म्हणून ते वेगळे पाहू.

सुरकुती पडते ती साचा थंड असल्यामुळे. शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, पण तेवढ्या उष्णतेवर ते ओतण्याजोगे होत नाही. साच्याच्या भिंतीला लागताच त्याच्यावर साय धरते आणि मागून येणारे शिसे त्या सायीला दुमडत पुढे जाते. तीच दुमड गोळीवर सुरकुती म्हणून दिसते. शुद्ध शिशासाठी भांड्यातील उष्णता ४०० ते ४२५ अंशांच्या दरम्यान ठेवावी आणि ती अंदाजाने नव्हे, तर भांड्यात बुडवायच्या तापमापकाने पाहावी. साचा तापवण्यासाठी त्याचा एक कोपरा वितळलेल्या शिशात धरावा. सुरुवातीला कोपऱ्याला शिसे चिकटते. ते चिकटेनासे होऊन कोपरा स्वच्छ बाहेर येऊ लागला, की साचा तयार झाला असे समजावे. एवढे करूनही सुरकुत्या राहिल्या, तर साच्यात तेलाचा अंश आहे. नवा साचा कारखान्यातून तेल लावूनच येतो. गरम पाणी, साबण आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन दोन्ही खण धुवावेत, आणि साचा पूर्ण कोरडा झाल्याखेरीज भांड्याजवळ नेऊ नये.

आता हलक्या गोळ्यांकडे वळू, कारण आपल्या प्रश्नाचे खरे मर्म तेथे आहे. शिसे गोठताना त्याचे आकारमान साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. गोळी बाहेरून आत गोठत जाते, त्यामुळे सगळ्यात शेवटी घट्ट होणारा भाग भोकाच्या खाली, पोटात असतो. त्या क्षणी वरून आणखी द्रव शिसे मिळाले नाही, तर तेथे पोकळी राहते. पोकळी बाहेरून दिसत नाही. ती तराजूलाच कळते. आपल्या मापाची शुद्ध शिशाची भरीव गोळी सुमारे १७७ ग्रेन भरली पाहिजे.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: पळीच्या साहाय्याने शुद्ध शिसे ओतायचे, तर चोच टेकवूनच ओतावे. साचा आडवा, भोक बाजूला येईल असा धरावा. भरलेल्या पळीची चोच भोकात बसवावी. आणि मग साचा व पळी एकत्रच वळवून साचा उभा करावा, म्हणजे पळी त्याच्यावर येते आणि तिच्यातील सगळ्या शिशाचा दाब खणावर पडतो. या अवस्थेत मनात चार-पाच आकडे मोजेपर्यंत हात स्थिर ठेवावा. त्यानंतर पळी हलकेच उचलताना थोडे शिसे मुद्दाम पट्टीवर सांडू द्यावे. या ढिगाला स्प्रू म्हणतात. कित्येक जण शिसे वाया जाते म्हणून तो लहान ठेवतात, पण आतली गोळी त्याच्यातूनच शेवटचा घोट घेत असते. ढीग चांगला मोठा असावा. तो गोठताना त्याच्या माथ्यावर छोटी खळगी पडली, तर वरचे शिसे खाली ओढले गेले असे समजावे.

कापण्याची वेळ घड्याळावर ठरवू नये. स्प्रू आधी आरशासारखा चकाकत असतो आणि मग एका क्षणात त्याचा पृष्ठभाग मंद होतो. त्यानंतरही दोन-तीन सेकंद थांबून पट्टी फिरवावी. घाई केली तर पट्टीखाली शिसे फासले जाते आणि गोळीच्या माथ्याचा तुकडा उपटून येतो. उलट फार थांबल्यास कापायला जोर लागतो, आणि तो जोर अॅल्युमिनियमच्या साच्याला मानवत नाही.

उत्तर (लेखक: खिळे जुळारी)

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. माझा अनुभव छापखान्याच्या बाजूचा आहे. खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, ओतण्याच्या धातूतही शिसेच मुख्य असते, पण त्यात अँटिमनी आणि कथील मिसळलेले असते. लायनोटाइपच्या, म्हणजे छपाईसाठी अख्खी ओळ ओतणाऱ्या यंत्राच्या, धातूत साधारण ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील हे प्रमाण रूढ होते. कथिलामुळे धातूचा पृष्ठताण कमी होऊन तो साच्याच्या बारीकसारीक कोपऱ्यांत शिरतो, तर अँटिमनीमुळे कठीणपणा येतो आणि गोठतानाचे आकुंचन घटते. अनुस्वाराचा टिंब किंवा वेलांटीचे टोक स्पष्ट उठते ते या दोघांच्या जोरावर.

असा धातू सहज भरतो म्हणून तो आपल्या गोळ्यांत मिसळण्याचा मोह होईल, पण तसे करू नये. कमी आकसत असल्यामुळे त्याच साच्यातून गोळी किंचित मोठी निघते, आणि ती कठीण असल्यामुळे कापडासह नळीत उतरवताना फार जोर लागतो. अगदीच गरज वाटली, तर शंभर भागांत एक भाग कथील पुरेसे आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाडीच्या चाकांची जुनी वजने शिशात टाकताना नीट पारखावीत, कारण त्यांपैकी काही जस्ताची असतात. जस्त सुमारे ४२० अंशांना वितळते, म्हणजे आपण ज्या उष्णतेवर काम करता तेथेच ते मिसळू शकते. एकदा मिसळले की शिसे दह्यासारखे गुठळते आणि साचा नीट भरत नाही.

प्रश्नकर्ता (चकमक)

दोघांचेही मनापासून आभार. चोच टेकवून, साचा व पळी एकत्र वळवून पाहिले. माथ्यावर खळगी पडते आहे आणि वजने एका ग्रेनच्या आत आली आहेत. एक शंका उरते: कापलेले स्प्रू लगेच भांड्यात परत टाकावेत का? तसे केल्यावर पुढच्या काही गोळ्यांवर पुन्हा सुरकुत्या दिसतात.

उत्तर (लेखक: जुना ओतारी)

लगेच टाकू नयेत. थंड तुकड्यांनी भांड्याची उष्णता उतरते आणि आपली लय तुटते. साच्याची ऊब टिकते ती एकामागून एक सारख्या अंतराने ओतण्यामुळेच. स्प्रू कोरड्या सुती कापडावर जमा करावेत, भांडे निम्मे झाले की सगळे एकदम टाकावेत, आणि तापमापक पूर्वीच्या आकड्यावर येईपर्यंत थांबावे. त्याच वेळी चिमूटभर मेण किंवा मूठभर कोरडा लाकडाचा भुसा टाकून ढवळावे व वर आलेली मळी काढावी. तोपर्यंत साचा भांड्याच्या कडेवर टेकवून ठेवावा. शिशावर सोनेरी-निळसर झाक दिसू लागली, तर उष्णता गरजेपेक्षा वाढली आहे.

उत्तर (लेखक: पागवाला, रत्नागिरी)

आमच्याकडे ठासणीच्या बंदुका पीकसंरक्षणाच्या परवान्यावर असतात, परंतु १९५९ च्या शस्त्र अधिनियमामुळे दारूगोळा घरी तयार करणे हा भारतात वेगळ्या परवान्याचा विषय आहे. येथील वाचकांनी हा धागा त्या हेतूने वापरू नये. मी पागाच्या, म्हणजे मासे धरायच्या फेकजाळ्याच्या, घेराला लावायची शिशाची वजने ओततो, आणि काम तेच असल्यामुळे दोन गोष्टी कळकळीने सांगतो.

पहिली गोष्ट पाण्याची. पाण्याचा थेंब शिशाच्या पृष्ठभागावर पडला तर तो बहुधा तडतडून उडून जातो, पण ओला तुकडा शिशाखाली बुडाला तर त्यातील पाण्याची वाफ सतराशे पटीने फुगते आणि सगळे भांडे अंगावर येते. नवीन शिसे भांड्यात टाकण्यापूर्वी ते भांड्याच्या कडेवर तापवून घ्यावे. चष्मा, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, चामड्याचे हातमोजे आणि बंद बूट यांना पर्याय नाही.

दुसरी गोष्ट विषाची. या उष्णतेवर शिशाची वाफ फारशी होत नाही. धोका आहे तो काढलेल्या मळीच्या पिवळ्या-करड्या भुकटीचा आणि त्या हातांनी खाण्याचा. मळी झाकणाच्या डब्यातच ठेवावी, शेड कोरड्या झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी, आणि कामाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत. घरात लहान मुले असल्यास ही काळजी अधिकच घ्यावी. आपण राहता त्या अमेरिकेत मुलांच्या रक्तातील शिशासाठी २०२१ पासून डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम हा सावधतेचा आकडा धरला जातो, तेव्हा स्वतःची आणि मुलांची रक्ततपासणी वर्षातून एकदा करून घ्यावी. मोटारीच्या बॅटरीतील पत्रे मात्र कोणीही घरी वितळवू नयेत. त्यांतील आर्सेनिक आणि अँटिमनीपासून विषारी वायू निघू शकतात.