जर्मनीत आईला एकटीला दुकान, मेडिकल कसं जमेल?

पारोळ्याची लेक:
पुढच्या महिन्यात आई बाळंतपणासाठी इकडे येतेय, घरी अहिराणी बोलते, मराठी वाचते, पण इंग्रजी जर्मन काहीच नाही. आम्ही दोघं दवाखान्यात अडकलो तर दूध, औषध ती कसं आणेल याची फार काळजी वाटते.

धुळेकर:
ताई, माझी आई ३ महिने राहून गेली. गुगल ट्रान्सलेटमध्ये मराठी आणि जर्मन आधीच डाउनलोड करून ठेव म्हणजे नेट नसलं तरी चालतं, पण त्यात अहिराणी नको, मराठीतच बोलायला सांग. आणि सगळ्यात कामाचं म्हणजे रिकाम्या पाकिटांचे फोटो! दूध, मीठ, बेसन, आई नुसता फोटो दाखवायची आणि दुकानदार वस्तू हातात द्यायचा. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच भरून ठेव.

जळगावची ताई:
औषधाचं नीट समजावून सांग बरं का, साधी पॅरासिटामॉल पण सुपरमार्केटात मिळत नाही, आपोथेकेतच म्हणजे तिथल्या मेडिकलमध्येच जायचं, बाहेर मोठा लाल ए असतो. घरचा पत्ता आणि तुमचे नंबर जर्मनमध्ये लिहून आईच्या पर्समध्ये ठेव, इमर्जन्सीला ११२.

अमळनेरचा भाऊ:
पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या फेकू देऊ नको, दुकानातल्या मशीनमध्ये टाकल्या की बहुतेक बाटल्यांचे २५ सेंट परत मिळतात.

पारोळ्याची लेक:
फोटोंचं आजच करते. आली की पहिले दोन दिवस तिला सोबत नेऊन आपोथेके आणि दुकान दाखवते. खूप धीर आला, मनापासून आभार.